नारळ वाजवून घेता, पुस्तक मात्र न उघडता

बसा. मागे भिंतीला टेकून उभे असलेले बाबालोक, तुम्हीसुद्धा बसा. बाक लहान आहेत हे मला माहीत आहे, पहिलीच्या मुलांचे आहेत. गुडघे दुखतील. पाऊण तास सोसा. मुलं रोज पाच तास सोसतात.

परवा आणि काल शाळेत पुस्तकांचं प्रदर्शन होतं. दोन्ही दिवस मी दाराशी, माठाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. तुम्हाला वाटलं, बाई पावत्या तपासतायत. पावत्या शिपाईमामा तपासत होते. मी तुम्हाला बघत होते.

काय बघितलं ते सांगते. तुमच्यातल्या बहुतेकांनी पुस्तक हातात घेतलं की आधी ते पालथं केलं, कारण मागे किंमत असते. किंमत पटली की मुखपृष्ठावर एक नजर, आणि थेट पिशवीत. एका बाबांनी दहा पुस्तकांचा संच घेतला, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडता; 'सेटमध्ये स्वस्त पडतं' म्हणाले. एका आईने विक्रेत्याला विचारलं, 'प्रत्येक गोष्टीला मॉरल आहे ना?' आणि एक प्रसंग तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मोठ्या गटातली एक मुलगी टेबलाखाली फतकल मारून बसली होती. मांडीवर बिनशब्दांचं पुस्तक, नुसती चित्रं. जिभेचं टोक बाहेर काढून, बोट फिरवत फिरवत ती एकेका पानावर मुक्काम करत होती. चौथ्या पानावर पोचली असेल नसेल, तोच वरून आईचा हात आला. 'अगं, ह्यात काही लिहिलेलंच नाहीये!' पुस्तक परत टेबलावर गेलं आणि मुलीच्या हातात जनरल नॉलेजचं आलं. मुलगी रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या आई इथे आहेत. मी नाव घेत नाही. मान खाली घालू नका, ऐका.

मंडईत कसे वागता तुम्ही? भेंडीचं टोक मोडून बघता. नारळ कानाशी धरून हलवता, पाणी वाजलं नाही तर परत ठेवता. अप्पा बळवंत चौकात गाइड घ्यायला जाता तेव्हा नवीन अभ्यासक्रमाचंच आहे ना, म्हणून दुकानदाराला तीनदा विचारता. आणि जे पुस्तक मूल शंभर वेळा उघडणार आहे, ते तुम्ही एकदासुद्धा न उघडता घेता. माझं भांडण एवढंच आहे. महाग घेतलं, स्वस्त घेतलं, इंग्रजी घेतलं, मराठी घेतलं, ते नंतर बघू. न उघडता का घेतलं?

उघडलं असतं तर काय दिसलं असतं? तसाच एक संच मी विक्रेत्याकडून मागून घेतला आणि प्लास्टिक फाडलं. तहानलेल्या कावळ्याच्या गोष्टीत मजकुरात माठ, चित्रात काचेचा जग. बरं, काचेचा तर काचेचा. निदान पाणी चढताना तरी दाखवायचं! गोष्टीचा सगळा जीव खड्यागणिक वर येणाऱ्या पाण्यात आहे, आणि नेमकं तेच चित्रातून गाळलेलं. ससा-कासवाच्या शर्यतीत सशाचा सदरा पहिल्या पानावर लाल, तिसऱ्यावर निळा. सिंह आणि उंदराच्या जंगलात बर्फातली टोकदार झाडं. भाषा तर विचारू नका. 'अखेर उंदीर जाळ्यापर्यंत पोहोचण्यात यशस्वी झाला.' चार वर्षांच्या पोराला हे वाचून दाखवायचं? उंदीर पोचला म्हणा की! दहाही पुस्तकांवर लेखकाचं नाव नाही, चित्रकाराचं नाव नाही. छापणाऱ्याचं मात्र आहे, ठळक. ज्या पुस्तकाला आपलं नाव द्यायला कुणी धजलं नाही, ते तुम्ही मुलाच्या उशाशी ठेवणार.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा मुलाला सदऱ्याचा रंग कुठे कळतो? तुम्हाला कळत नाही. त्याला कळतो. वाचता यायला लागलं की माणूस चित्र बघायचं सोडून देतो; पान उघडलं की तुमचे डोळे सरळ अक्षरांवर जातात. मुलाला अक्षर येत नाही, म्हणून ते चित्र वाचतं, कोपरा न् कोपरा. मांजराच्या शेपटीमागे दडलेला उंदीर आम्हा शिक्षकांना वर्षभर दिसत नाही, मुलांना पहिल्या दिवशी दिसतो. मग मूल विचारतं, सदरा लाल होता तो निळा कसा झाला? तुम्ही म्हणता, 'गप ऐक.' असं चार वेळा झालं की ते विचारायचं सोडतं. आणि तिसरीत तुम्हीच येऊन मला सांगता, 'बाई, ह्याचं लक्षच नसतं.'

हात वर करा, कुणाच्या घरी ऐरण आहे? कुणाच्याच नाही. तरी 'ऐ ऐरणीचा' घरोघरी आहे. हे तक्ते मी स्वतः तीस वर्षं भिंतीवर लावले, तेव्हा ह्यात माझाही वाटा आहे. अक्षरओळखीचं पुस्तक घरात असावं, एक असावं. पण तुमच्या घरी अशीच सात असतात, एबीसीडीची धरून, आणि तुम्ही मला सांगता, 'आमच्याकडे खूप पुस्तकं आहेत.' ती पुस्तकं नव्हेत, ती यादी आहे. वाण्याच्या यादीला चित्रं काढली म्हणून तिची गोष्ट होत नाही.

मग घ्यायचं कसं? फार अक्कल लागत नाही. दुकानात उभ्या उभ्या चार पानं मोठ्याने वाचा. लाज वाटते? साडी खांद्यावर टाकून आरशात बघताना वाटत नाही ती. वाचताना जीभ अडखळली तर पुस्तक खाली ठेवा. रात्री दमून आल्यावर ती आणखी अडखळेल. मग तळहाताने मजकूर झाका आणि नुसतं चित्र बघा. मग चित्र झाका. मजकुरात 'राजू चेंडू खेळत होता' आणि चित्रातही राजू चेंडूच खेळतोय, तर दोघांपैकी एक जण फुकट पगार खातोय. चांगल्या पुस्तकात मजकूर म्हणतो, राजू शहाण्यासारखा बसला होता, आणि चित्रात राजूच्या खिशातून बेडकाचा पाय बाहेर आलेला असतो. मूल खुदकन हसतं. आईला वाचून जे कळलं नाही ते त्याला बघून कळलेलं असतं. आणि हो, चित्रकाराचं नाव शोधा. मुखपृष्ठावर नाही तर आतल्या पानावर तरी असलंच पाहिजे.

वयाचं म्हणाल तर लहान गटाला जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं द्या. ते चावणार आहे, चावू द्या. मोठ्या गटाला पानावर दोन-तीन ओळी पुरतात. पहिली-दुसरीला अक्षर टपोरं हवं आणि शब्दाशब्दांत मोकळी जागा हवी. मागे छापलेला वयाचा आकडा विकणाऱ्याच्या सोयीचा असतो. सहा वर्षांच्या मुलाला तीन वर्षांच्याचं पुस्तक घ्यावंसं वाटलं तर त्याला 'बेबी' म्हणून चिडवू नका.

आता त्या मॉरलबद्दल. मॉरल हवं म्हणून तुम्ही डोळे मिटून पंचतंत्र उचलता. पंचतंत्र कुणासाठी सांगितलं गेलं, माहीत आहे? महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याची तीन ढ पोरं. विष्णुशर्म्याने त्यांना सहा महिन्यांत राजनीती शिकवायचं पत्करलं, त्यासाठी ह्या गोष्टी. पहिल्याच तंत्राचं नाव मित्रभेद. दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैलाची मैत्री कान भरभरून तोडतो, बैल सिंहाच्या हातून मरतो, आणि कोल्हा मंत्रिपदावर मजेत राहतो. काढा मॉरल! गोष्टी अव्वल आहेत, मी स्वतः सांगते, पण त्या राज्य चालवणाऱ्यांसाठी आहेत. तुमच्या मुलाला अजून चड्डीची नाडी बांधता येत नाही. त्याला दहा वर्षांचा होऊ द्या, मग खरं पंचतंत्र द्या, कोल्ह्याला साधू न बनवता.

तोवर त्याच्या स्वतःच्या जगातलं काही द्या. त्याचा दात हलतो, आई कामावर जाते, आजोबा घोरतात, मोठ्या शाळेची भीती वाटते, हे त्याचे प्रश्न. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' उघडा. घरातली माणसं आहेत, बस. कुणी कुणाला धडा देत नाही. त्यांच्याच 'यश' मालिकेत 'हात मोडला' आणि 'मोठी शाळा', नावं वाचूनच कळावं. बाई लिहितातही आणि चित्रंही स्वतः काढतात, म्हणून शब्द आणि चित्र एकमेकांच्या पायात येत नाहीत. २०१६ साली बिग लिटल बुक अवॉर्ड पहिल्यांदा दिलं गेलं ते त्यांना, मराठी बालसाहित्यासाठी. काल त्यांची पुस्तकं टेबलावर, तुमच्या कोपराशी होती. तुम्ही त्यांच्यावरून हात लांब करून जनरल नॉलेज उचललंत.

आणि परवडत नाही हे मला सांगू नका. वाढदिवसाला वर्गातल्या चाळीस मुलांना प्लास्टिकचे कंपास वाटता, ते महिनाभर टिकत नाहीत. नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ पासून स्वस्तात पुस्तकं काढतंय. प्रथम बुक्सने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केलं. मराठी चित्रपुस्तकं तिथे फुकट वाचा, उतरवून घ्या, छापून घ्या, सगळ्याला मुभा आहे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून चालू आहे, जुने अंक संगणकावर मोफत आहेत. अरविंद गुप्तांनी आपल्या संकेतस्थळावर किती मराठी बालपुस्तकं टाकून ठेवली आहेत ती मोजायला बसलात तर सुट्टी संपेल. चोवीस तास मोबाइल हातात असतो, त्यातली दहा मिनिटं इकडे वळवा. फक्त मोबाइल मुलाच्या हातात देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका. तुमच्या मांडीवर बसून वाचायची ती पुस्तकं आहेत.

कॉमिक्सवर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण काल राग आला तो तिथे. एका बाबांनी मुलाच्या हातातलं कॉमिक काढून घेतलं. 'हा टाइमपास नको.' आणि पाचच मिनिटांनी चहा पिताना हेच बाबा मला सांगतात, 'बाई, आमच्या वेळी काय मजा होती! आम्ही तर घरातले जुने चांदोबा वाचून मोठे झालो.'

अहो, मग चांदोबात काय होतं? चित्रंच होती ना? १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं ते मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागलं, मद्रासहून. विक्रमाच्या खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, हे चित्र शंकर नावाच्या चित्रकाराचं. त्या एका चित्राने गोष्ट वाचण्याआधीच तुमच्या अंगावर काटा आणला, आणि त्या काट्यापायी तुम्ही खालची जोडाक्षरं वाचलीत. कुणी डिक्टेशन घेतलं होतं का? तुमच्या वडिलांच्या वेळी इंद्रजाल कॉमिक्स होती, १९६४ पासून. त्यातल्या वेताळाच्या कवटीच्या अंगठीपायी पोरांनी गोट्या विकल्यात. त्यांना 'टाइमपास' म्हणणारे आजोबा होतेच. त्यांचं ऐकलं असतं तर आज तुम्हाला सांगायला आठवण उरली नसती.

आणि तो टाइमपास काढला कुणी? अनंत पैंनी १९८० मध्ये 'टिंकल' सुरू केलं. त्यातला सुप्पंडी चितारला राम वाईरकरांनी, शिकारी शंभू वसंत हळब्यांनी, कालिया कावळा प्रदीप साठ्यांनी. नावं ऐकलीत? आपल्याच आडनावांची माणसं. आपण त्यांची चित्रं बघत मोठे झालो आणि एकालाही नावाने ओळखत नाही.

शंभूचीच गोष्ट सांगते. दुसरीतल्या एका मुलाला वाचनाचा भारी कंटाळा. चौथ्या शब्दाला खिडकीबाहेर. त्याला मी एकदा शिकारी शंभू दिला. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, 'बाई, ह्याला दिसतं कसं?' मी म्हटलं, कुणाला? तर म्हणे, शंभूला, त्याचे डोळे टोपीखालीच असतात, एकदासुद्धा दिसले नाहीत. मी शंभू किती वर्षं वाचत होते, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं! त्या मुलाने एक डोळा सापडतो का म्हणून वर्गातले सगळे अंक धुंडाळले. धुंडाळता धुंडाळता वाचले. त्याचं लक्ष नसतं असं वर्षभर त्याच्या प्रगतिपुस्तकात मीच लिहीत होते.

कॉमिक वाचणं सोपं असतं हा तुमचा गैरसमज आहे. कुठल्या चौकटीनंतर कुठली, कुठला फुगा आधी वाचायचा, ढगासारखा फुगा म्हणजे मनातलं बोलणं, हे मुलाला शिकावं लागतं. आणि दोन चौकटींच्या मधे जे घडतं ते कुणी काढलेलंच नसतं. पहिल्या चौकटीत हात फुलदाणीकडे, दुसरीत आई कमरेवर हात ठेवून उभी. फुलदाणी फुटली हे कुणी सांगितलं? मुलाने ठरवलं. उताऱ्यावरच्या प्रश्नात तुम्ही त्याच्याकडून हेच घोटून घेता आणि त्याला ते येत नाही म्हणून क्लास लावता.

म्हणून वाटेल ते कॉमिक आणून टाकू नका. इथेही उघडून बघा. सगळं चित्रमय ते लहान मुलांचं, असं समजून पाच वर्षांच्या पोराच्या हातात पानापानावर ठोसे आणि रक्त असलेलं काहीही देणारे पालक मी पाहिलेत. चारोळीएवढ्या मुलाला बिनशब्दांची, तीन-चार चौकटींची गोष्ट पुरे. 'चिंटू' १९९१ पासून आपल्याकडे आहे, पण त्यातली खोच सात-आठ वर्षांच्या पुढे कळते; त्याआधी मूल नुसतं चिंटूच्या केसांना हसतं, हसू द्या. अमर चित्र कथा १९६७ची. मी तिची ऋणी आहे, आमचा निम्मा इतिहास तिथून आला. पण जुने अंक देण्याआधी चाळा. राक्षस काळा, देव गोरा, असं कितीदा आहे ते मोजा. सावळ्या मुलीला ते पुस्तक देताना तुम्ही तिच्याशेजारी बसलेले असायला हवं. कृष्ण काळा होता, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

आता वाचण्याबद्दल, कारण चांगलं पुस्तक आणून तुम्ही त्याची माती कशी करता तेही मला ठाऊक आहे. गोष्ट रंगात येते आणि तुम्ही थांबता. 'हा कोणता कलर? हत्तीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात? स्पेलिंग?' सिनेमा ऐन भरात असताना कुणी बंद करून तुम्हाला पाढे विचारले तर? गोष्ट संपली की 'ह्यातून काय शिकलास?' काही नाही शिकला. मजा आली त्याला. त्याला 'परत वाच' म्हणावंसं वाटतं, आणि तुम्ही म्हणता, 'कालच तर वाचलं, नवीन घे.' तेच ते भजन तुम्ही रोज म्हणता, कंटाळा येत नाही. त्याला तेच अस्वल रोज हवंय तर कपाळाला आठ्या.

आणि इंग्रजी. इंग्रजी पुस्तकं जरूर घ्या, चांगली आहेत. पण तुमच्यातले कितीजण ती नाटकी आवाज काढून, हसत, मधेच भर घालत वाचू शकतात? ज्या भाषेत तुम्ही मुलावर खेकसता, त्या भाषेत वाचा. घरात वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडीत सांगा, मालवणी असेल तर मालवणीत. चित्रांना सगळ्या बोली चालतात.

थोडं माझंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई फक्त आम्हाला झापतात. मी पूर्वी एका शाळेत होते. तिथे मुलांसाठी पुस्तकं आली, शंभरेक, सुंदर. मी ती खाकी कव्हर घालून, नंबर टाकून कपाटात लावली आणि कुलूप घातलं. साहेब तपासणीला येतील तेव्हा नवी दिसली पाहिजेत म्हणून. साहेब आले, कपाट उघडलं, 'छान निगा राखली आहे' असा शेरा लिहून गेले. मी तो शेरा दोन वर्षं कौतुकाने सांगत होते. मग पुस्तकांना कसर लागली. पहिली तुकडी तोवर चौथी पास होऊन निघून गेली होती. त्या मुलांनी ती चित्रं बघितलीच नाहीत.

तेव्हा ह्या वर्गातलं कपाट दर शनिवारी साडेदहा ते बारा उघडं असतं. पुस्तक घरी न्या, सही नको, डिपॉझिट नको. फाटलं तर फाटलेलं परत आणा, चिकटपट्टी माझ्याकडे आहे. टेबलावर परत गेलेलं ते बिनशब्दांचं पुस्तक मी विकत घेतलंय, ते दुसऱ्या फळीवर डावीकडे ठेवलंय. कुणाच्या मुलीचं आहे ते त्यांना माहीत आहे. शनिवारी तिला घेऊन या, आणि चौथ्या पानापासून पुढे तिला बघू द्या.

चला, उठा आता. बाक नीट लावून जा.